प्रथम वर्ष सांख्यिकी, आणि रविवारची मोडी

जलदलोकल यांचा प्रश्न

नमस्कार. मी दक्षिण मुंबईतील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षात शिकते. सांख्यिकी हा माझा मुख्य विषय आहे. पहिले सत्र संपून दुसरे सुरू झाले आहे आणि गेले काही आठवडे मला जो प्रश्न पडला आहे, तो घरी काढला तर बाबा काळजीत पडतील, म्हणून येथे विचारते.

आधी वर्गांविषयी. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट्स इतक्या वेगवेगळ्या गोष्टींत वाटली गेली आहेत की वेळापत्रक पाहिले की मला राइसप्लेट आठवते: मुख्य विषयाच्या भोवती थोडे पर्यावरण, थोडी भारतीय ज्ञानप्रणाली, थोडे भाषाकौशल्य आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे तास. यातील काही वाट्या मला खरोखर आवडल्या. तक्रार आहे ती मधल्या भाताविषयी. सांख्यिकीच्या तासाला सिद्धता पडद्यावर येते, ती आम्ही वहीत उतरवतो आणि परीक्षेत पुन्हा कागदावर उतरवतो. द्विपद वितरणाचा मध्य (सरासरी) आणि प्रचरण (मूल्ये किती विखुरली आहेत याचे माप) मला झोपेतही काढता येईल, परंतु ते कोणाला, कशासाठी हवे होते, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. गुण मात्र चांगले पडले.

मुक्त निवडीचा विषय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावा लागतो, म्हणून पहिल्या सत्रात मी दोन क्रेडिट्सचा मोडी लिपीचा परिचय घेतला. खरे सांगायचे तर तो तास दुपारी होता आणि त्यानंतर थेट घरी जाता येत होते, एवढेच कारण होते. आता तो विषय संपला आहे, त्याची हजेरी कोणी घेत नाही, तरीही मी रविवारी दोन-तीन तास मोडी वाचत बसते आणि कल्याणहून येताना लेडीज डब्यात बसायला जागा मिळालीच तर मांडीवर वही ठेवून आधी शिरोरेषा ओढते आणि तिच्याखाली अक्षरे लटकवते. गंमत अशी की परीक्षेत मला मोडीत सांख्यिकीपेक्षा कमी गुण मिळाले, कारण प्रश्न लिपीच्या इतिहासावर होते आणि वाचायला फक्त चार ओळी होत्या.

दिवाळीत राजापूरजवळच्या आमच्या मूळ घरी गेले, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत आजीने जपून ठेवलेला एक कागद मिळाला. त्याची सुरुवात मला लागली. ‘शके १६९९ हेमलंबी नाम संवत्सरे चैत्र शुद्ध ८’ असे आहे आणि पुढे ‘सन सबा सबैन मया व अलफ’. शकात ७८ मिळवले की १७७७ येतात. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणजे ११७७. त्यात वर्गात सांगितल्याप्रमाणे ५९९ मिळवले तर १७७६ येतात. त्या कारकुनाची चूक झाली की माझी?

मूळ प्रश्न वेगळा आहे. ज्या विषयात मला गुण मिळतात त्यात मन रमत नाही आणि ज्यात मन रमते त्यात मी अजून कच्ची आहे. इतिहासाच्या पदवीकडे वळावे का? की मोडी मला आवडते ती केवळ आता तिची परीक्षा नाही म्हणून, आणि ती मुख्य विषय झाली की तिचीही सांख्यिकी होईल?

सरासरी यांचे उत्तर

मी सांख्यिकीत एम.एससी. केले असून वांद्रे-कुर्ला संकुलात एका विमा कंपनीत काम करतो, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच मान्य करतो. प्रथम वर्षाची सांख्यिकी कंटाळवाणी असते, कारण त्या वर्षी अवजारे घडवली जातात आणि ती चालवायला लाकूड मात्र कोणी देत नाही. हा दोष शिकवण्याचा आहे, विषयाचा नाही. आमच्या वेळीही असेच होते. मला विषय कळू लागला तो तिसऱ्या वर्षी, नमुना पाहणीच्या प्रकल्पासाठी भर उन्हात घरोघरी फिरलो तेव्हा.

तुमच्या दोन आवडी एकमेकींपासून दूर आहेत, असे तुम्ही गृहीत धरले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गणिती होते; पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले आणि पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले, तेही पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करून. त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतील आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेली प्राचीन नाणी तराजूवर घातली. नाणे जितका काळ हातोहाती फिरते तितके ते झिजते, म्हणून जुन्या नाण्यांच्या गटाचे सरासरी वजन कमी होते आणि वजनांमधील फरक वाढत जातो. यावरून कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा, याचा अंदाज बांधता येतो. ही कल्पना पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही वजन करून पाहिली. ज्या मध्य आणि प्रचरणाला तुम्ही कंटाळला आहात, तेच दोघे येथे कामाला लागले होते.

शिवाय मोडीत ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच लिहिले जाते आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. मागचापुढचा मजकूर पाहून यातील काय संभवते हे तुम्ही ठरवता, तेव्हा तुम्ही सशर्त संभाव्यताच वापरत असता. २०१४ मध्ये युनिकोडच्या (संगणकावर लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या जागतिक मानकाच्या) ७.० या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, त्यामुळे या लिपीचे यांत्रिक वाचन हे आज सांख्यिकीच्या विद्यार्थ्यासाठी खरेखुरे काम आहे. विषय मुळीच बदलू नका.

दप्तरी यांचे उत्तर

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे आणि गेली अनेक वर्षे मोडी कागद वाचून देतो. वयाच्या अधिकाराने तुला एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

प्रथम कारकुनाला दोषमुक्त करू. तू लिहिलेला सन सुहूर आहे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक वेगळी कालगणना. तो चैत्रात बदलत नाही आणि जानेवारीतही नाही. सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा बदलतो, म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. त्या काळी हा दिवस जून महिन्याच्या सुरुवातीस येई. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदात ६०० मिळवायचे. तुझा कागद चैत्राचा, म्हणजे एप्रिलचा. मृग अजून लागलेला नाही, जुने ११७७ साल चालूच आहे, त्यात ६०० मिळव, १७७७ येतील. शक आणि सुहूर दोन्ही जुळतात आणि हेमलंबी संवत्सरही त्याच शकाचे आहे. कागद खोटा असता तर बहुधा येथेच फसला असता, कारण बनावट कागद करणारे शक नीट लिहितात आणि मृग विसरतात. याच ओळीत पुढे ‘छ’ आणि एखादा आकडा दिसला तर गोंधळू नकोस. ‘छ’ म्हणजे चंद्र, आणि त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. तुझ्या कागदात तो महिना रबिलावल असावा.

आता आवडीविषयी. माझ्याकडे येणारे कागद शंभरातले नव्वद तरी जमिनीचे किंवा नोंदींचे असतात: वाटणी, गहाण, खरेदीखत, जन्ममृत्यूची नोंद. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी भासली आणि जी माणसे ओटीवर बसून कागद वाचत होती, त्यांना कचेऱ्यांतून बोलावणी आली. तेव्हा दिवसभर नावे, जात आणि गाव एवढेच वाचायचे असे. त्यात कोणाची स्वारी नाही की कोणाचा खलिता नाही. मला तेही आवडले, पण आवडले कारण मी चाळीस वर्षे फायलींत काढली होती. तुला आवडेल का, हे तू शंभर कंटाळवाणे कागद वाचल्याशिवाय कळणार नाही. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. ते तुझ्या महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर आधी तेथे चौकशी कर आणि पदवी बदलण्याचे नंतर पाहू.

खडूफळा यांचे उत्तर

मी पदवी महाविद्यालयात इतिहास शिकवते, त्यामुळे मला विद्यार्थिनी मिळाली तर आनंदच होईल. तरीही सावकाश निर्णय घ्या, असेच सांगेन.

‘सरासरी’ यांनी दिलेले कोसंबींचे उदाहरण उत्तम आहे, परंतु त्यातून निघणारा सूर मला खटकला. प्रत्येक आवड मुख्य विषयाच्या गाडीला जुंपलीच पाहिजे, अन्यथा ती वाया गेली, अशी समजूत आजकाल मुलांच्या मनावर फार लहानपणापासून बिंबवली जाते. एखादी मुलगी रविवारी मोडी वाचते, याला तेवढेच कारण पुरेसे आहे. तिने त्यातून यांत्रिक वाचनाचा प्रकल्प काढला नाही, तरी काहीही बिघडत नाही.

दुसरे म्हणजे, विद्यार्थी आपल्या कंटाळवाण्या तासाची तुलना दुसऱ्या विषयातील सर्वांत रंजक गोष्टीशी करतात. इतिहासाच्या वर्गात रोज पेटीतला कागद निघत नाही. आमच्याकडेही टिपणे आहेत, मुद्देसूद उत्तरे आहेत, ७५ टक्के हजेरी आहे, आणि मलाही काही प्रकरणे केवळ अभ्यासक्रमात आहेत म्हणून उरकावी लागतात, हे कबूल करते. विज्ञानातून कला शाखेत जायचे तर मिळवलेली किती क्रेडिट्स ग्राह्य धरली जातील, हे तुमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्या. मैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. त्याआधी परवानगी घेऊन इतिहासाच्या एका साध्या, मंगळवारच्या तासाला बसून या. पाहुण्या व्याख्यात्याच्या कार्यक्रमाला जाऊ नका.

परीक्षा आली की आवड मरते का, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर नाही. माझी मेली नाही, पण एम.ए.च्या दोन वर्षांत मी वाचनासाठी म्हणून एकही पुस्तक हाती घेतले नव्हते, हेही खरे आहे.

सरासरी यांचा प्रतिसाद

‘खडूफळा’ यांचा आक्षेप मान्य आहे. ‘मुळीच बदलू नका’ हे मी फार जोरात म्हटले. नाण्यांचे उदाहरण मात्र मागे घेत नाही.

जलदलोकल यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मी सांगितलेल्या गोष्टी करून पाहत होते.

दप्तरी काका, ‘छ ७ रबिलावल’ असेच निघाले. मी तो ‘छ’ मागच्या शब्दाला जोडून वाचत होते, म्हणून ती ओळच लागत नव्हती. कागद घराच्या वाटणीचा नाही, जमिनीचाही नाही. कोणीतरी कोणाला तांदूळ दिल्याची पावती असावी, असे पहिल्या पाच ओळींवरून वाटते. आजीला हे सांगितले तेव्हा ती थोडी हिरमुसली. तिला वाटत होते की आपल्याला काही इनाम मिळाले असावे.

मंगळवारी इतिहासाच्या तासाला बसले. मॅडमनी पन्नास मिनिटे टिपणे सांगितली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. मला हसू आवरेना. त्यामुळे निदान या वर्षी तरी शाखा बदलत नाही. पुढच्या वर्षाचे आताच ठरवत नाही. कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे, उत्तर अजून आलेले नाही.

एक गोष्ट मात्र सुरू केली आहे, आणि ती ‘सरासरी’ यांच्या गाडीला जुंपण्यासाठी नाही, माझ्याच रागातून केली आहे. मी वाचताना कोणत्या अक्षराला कोणते अक्षर समजते, याचा वहीच्या मागच्या पानावर चौकटींचा तक्ता काढला आहे. आतापर्यंत २१२ अक्षरांत ३१ चुका झाल्या, आणि त्यांपैकी १९ चुका एकाच जोडीच्या आहेत. म्हणजे मी सगळ्याच मोडीत कच्ची नाही, दोन अक्षरांत कच्ची आहे. हे कळल्यावर बरे वाटले. सांख्यिकीच्या सरांना तक्ता दाखवला, तेव्हा ते प्रथमच पडद्याकडे पाठ करून दहा मिनिटे बोलले आणि मग म्हणाले की २१२ हा नमुना लहान आहे.

पावतीच्या सहाव्या ओळीत तांदळाचे माप असावे तेथे एक शब्द अडला आहे. शुक्रवारी अंतर्गत परीक्षा आहे, ती झाली की छायाचित्र टाकते. काका, तेवढा पाहून द्याल का?