कागद अडकू लागला की आधी रोलर बदलावा की आधी कागद तपासावा?

जुना सीबीएस, वकिली कार्यालय

कार्यालयातला लेझर प्रिंटर कागद अडकवू लागला की दुरुस्तीवाल्याला फोन करायचा आणि त्याने येऊन पिकअप रोलर (ट्रेमधून कागद उचलणारे रबरी चाक) बदलून जायचे, अशी पद्धत आपल्या नाशिकमध्ये पडून गेली आहे. ती चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात होणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसून कागदात असते. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे फोडलेली रिमे बाहेरच्या भिंतीला टेकून, खाली फरशीवर पडलेली असतात. कागद हवेतला ओलावा शोषतो आणि गठ्ठ्याच्या कडा आधी सादळतात, त्यामुळे त्या लाटेसारख्या वर-खाली होतात. असा कागद फ्यूजरमधल्या, म्हणजे टोनरची पूड कागदावर वितळवून चिकटवणाऱ्या भागातल्या, दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेतून गेला की त्यातले पाणी झपाट्याने उडते आणि तो वळतो. एका बाजूच्या छपाईत हे खपून जाते; दोन्ही बाजूंची छपाई असेल तर तोच वळलेला कागद पुन्हा आत जाताना कुठेतरी कोपरा अडकवतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ए-4 आकाराचा 75 जीएसएम (दर चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई असा दंडक घातला, तेव्हापासून आमच्याकडेही दोन्ही बाजूंची छपाईच रूढ झाली आहे. म्हणून हा प्रश्न आम्हाला रोजचा आहे, आणि दावा दाखल करण्याच्या शेवटच्या दिवशी तो फार महागात पडतो.

माझे म्हणणे असे की, वेष्टन न फोडलेले रिम त्याच वेळी फोडून त्यातले वीस-पंचवीस कागद आधी चालवून पाहावेत. ते सुरळीत गेले तर रोलरला हात लावू नये.

एम. जी. रोड, प्रिंटर दुरुस्ती

साहेब, कागद सादळतो हे मान्य, पण तुमच्या चाचणीतून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. नवा, कडक, कोरडा कागद थकलेल्या रोलरवरूनही उचलला जातो. म्हणजे तुमची चाचणी झिजलेला रोलर पास करते, आणि आठवड्याने नेमक्या घाईच्या वेळी तोच रोलर दगा देतो.

कागदात भरणी म्हणून वापरलेल्या खडूसारख्या पदार्थाची भुकटी रोलरच्या रबरावर बसत जाते, रबर गुळगुळीत आणि चकचकीत होते, आणि मग ते कागदावरून नुसते घसरते. म्हणून मी कागद कुठला आहे हे विचारण्याआधी तो कुठे थांबला हे विचारतो. कागदाची पुढची कड ट्रेमधून बाहेरच आली नसेल, तर दोष उचलण्याच्या जागी आहे. दोन-दोन कागद एकदम ओढले जात असतील, तर बहुधा सेपरेशन पॅड (एका वेळी एकच कागद पुढे सोडणारी पट्टी) झिजलेला असतो. फ्यूजरच्या तोंडाशी पंख्यासारख्या घड्या पडून कागद थांबला असेल, तर मात्र तुमचा सादळलेला कागद किंवा फ्यूजर यांच्यापैकी कुणीतरी दोषी आहे. तिन्ही तक्रारींवर एकच औषध देणे हे चूकच, पण ते औषध नेहमी कागदच असावे हेही तितकेच चूक.

आमच्या व्यवसायातल्या लोकांनाही एक सांगणे आहे: रोलर बदलून जुना पॅड तसाच ठेवणे हे अर्धवट काम आहे. आणि स्पिरिटने रबर पुसत राहू नका, ते कोरडे पडून भेगाळते. धागे न सुटणारे कापड पाण्याने किंचित ओलसर केले तरी बहुतेक वेळा पुरते.

जुना सीबीएस, वकिली कार्यालय

कागद कुठे थांबला हे आधी पाहावे, हा मुद्दा मला पटतो आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. परंतु आमच्याकडे तक्रारीचा एक ठरलेला क्रम दिसतो. शनिवारी ट्रे भरून ठेवला की सोमवारी सकाळी वरचे कागद अडकतात, ते संपले की दिवसभर यंत्र नीट चालते. झिजलेला रोलर दुपारनंतर आपोआप बरा होत नाही. हा क्रम न विचारता जो दुरुस्तीकार थेट पेचकस हातात घेतो, त्याच्याविषयी माझी तक्रार आहे.

अंबड एमआयडीसी, भांडार विभाग

दोघेही खरेदीविषयी बोलत नाहीत, आणि माझ्या मते मूळ दुखणे तिथे आहे. सर्वांत कमी दराचा कागद घ्यायचा, त्याच्या कडा नीट कापलेल्या नसतात, भुकटी जास्त सुटते, आणि वाचलेले पैसे रोलरवर जातात. त्यातून पाठकोरे कागद पुन्हा ट्रेमध्ये घालण्याची सवय. एकदा फ्यूजरमधून गेलेला कागद आधीच वळलेला असतो आणि त्यात राहिलेली एखादी स्टेपलची पिन ड्रमवर (ज्या नळकांड्यावर पानाची प्रतिमा तयार होते त्यावर) कायमचा ओरखडा पाडते. पाठकोरे कागद कच्च्या लिखाणाला वापरावेत, प्रिंटरला नकोत.

थंडीत आमच्याकडे उलटी तक्रार असते. हवा कोरडी झाली की कागद स्थिर विजेने एकमेकांना चिकटतात. गठ्ठा अंगठ्याने फर्रकन सोडावा की नाही यावर कंपन्यांचेही एकमत नाही. ब्रदर तसे करायला सांगते, तर एचपी गठ्ठा दोन्ही हातांत धरून आधी वर आणि मग खाली वाकवायला सांगते, म्हणजे कागद सुटे होतात आणि वीजही निर्माण होत नाही. डिसेंबर-जानेवारीसाठी मला दुसरी रीत बरोबर वाटते.

नाशिकरोड, शासकीय कार्यालय

पाठकोऱ्यांवर सरसकट बंदी मला मान्य नाही. आमच्याकडे त्यांचा वेगळा ट्रे आहे, पिना काढून झाल्याशिवाय त्यात कागद जात नाही, आणि अंतर्गत टिपणे त्यावरच निघतात.

मला जास्त काळजी अडकलेला कागद काढण्याच्या रीतीची वाटते. घाईत लोक एका हाताने, उलट्या दिशेने ओढतात, कागद फाटतो, आणि नखाएवढा तुकडा सेन्सरच्या छोट्या पट्टीमागे राहतो. मग आत कागद नसतानाही यंत्र कागद अडकल्याचेच सांगत राहते. दोन्ही हातांनी, कागद ज्या दिशेने चालला होता त्या दिशेने, सावकाश ओढावा आणि निघालेले तुकडे जुळवून पान पूर्ण झाले का ते पाहावे. हे प्रत्येक लिपिकाला शिकवता येते. त्यासाठी वार्षिक देखभाल कराराची वाट पाहण्याचे कारण नाही.

एम. जी. रोड, प्रिंटर दुरुस्ती

ताई, हे शिकवायला मी स्वतः येईन. फक्त टोनर कागदावर ओढून घेणाऱ्या ट्रान्सफर रोलरच्या काळ्या स्पंजला बोट लागू देऊ नका आणि फ्यूजर निवल्याशिवाय तिथे हात घालू नका.

वकील साहेबांना माझा प्रस्ताव असा: रोलर आणि पॅड बदलताना त्या दिवशीचा पानांचा आकडा ट्रेच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. प्रिंटरच्या स्थितिदर्शक पानावर तो मिळतो. पुढच्या तक्रारीच्या वेळी तो आकडा माहितीपुस्तिकेतल्या आयुर्मानाशी ताडून पाहावा.

जुना सीबीएस, वकिली कार्यालय

आकडा चिकटवण्यास माझी मुळीच हरकत नाही, सोमवारपासून तसे करू. मात्र तो आकडा आयुर्मानाच्या आत असेल, तर पावसाळ्यात बंद रिमावर चाचणी झाल्याशिवाय रोलरचे बिल मी मंजूर करणार नाही.