प्रतिसाद: प्रकाश घटला म्हणजे ग्रहच, असं नाही

वर एकांनी विचारलंय, की टेस या नासाच्या अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या एका ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखात ०.५ टक्का घट ठरावीक काळाने दिसतेय, मग ताऱ्यासमोरून जाणारा ग्रह सापडला असं जाहीर करायला अडचण काय? अडचण पिक्सेलची आहे. टेसचा एक पिक्सेल आकाशातला सुमारे २१ कोनीय सेकंदांचा (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तुकडा व्यापतो (आधीच्या केपलर दुर्बिणीचा जेमतेम ४), त्यामुळे शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश त्यात मिसळतोच. समजा, मागे ५ प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) मंद असं ग्रहणकारी तारकायुग्म, म्हणजे एकमेकांना आळीपाळीने झाकणारी ताऱ्यांची जोडी, आहे. त्याचा प्रकाश मुख्य ताऱ्याच्या शंभराव्या भागाइतका. ग्रहणात तो निम्मा झाला, की एकूण घट जवळजवळ ०.५ टक्का! सूर्यासारख्या ताऱ्यासमोर शनीहून थोडा लहान ग्रह आल्यासारखीच.

म्हणून आधी सम आणि विषम क्रमांकाच्या घटींची खोली वेगवेगळी मोजा. फरक निघाला तर बहुधा जोडतारा, आणि खरा आवर्तकाल दुप्पट. दोन घटींच्या मधोमध दुसरी उथळ घट आहे का, तेही बघा. मात्र अतितप्त गुरूसारख्या ग्रहांतही ती अगदी बारीक दिसू शकते. सगळ्यात उपयोगी कसोटी म्हणजे घटीच्या वेळी प्रकाशाचा केंद्रबिंदू सरकतो का. सरकला, तर दोषी शेजारी. गैया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या यादीत आसपासचे तारे आधीच तपासलेले बरे.