मदत हवी आहे : ईसीएम आणि इमोबिलायझर यांच्यातला संपर्क सकाळी तुटतो, दुपारी जुळतो

नमस्कार मंडळी,

चिपळूणमध्ये रोजच्या वापरात असलेल्या २०१४ सालच्या पेट्रोल हॅचबॅकबद्दल सल्ला हवा आहे. पावसाळा लागल्यापासून सकाळी स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. त्या वेळी डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा भराभर लुकलुकत राहतो आणि आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. दुपारी ऊन पडून गाडी आतून तापली, की तीच गाडी त्याच किल्लीने पहिल्या फटक्यात सुरू होते. दुसरी किल्ली लावूनही हाच अनुभव येतो.

वर्कशॉपने ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझर (ओळखीची किल्ली नसल्यास इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि दोन्ही किल्ल्या असा अख्खा संच बदलायला सांगितले आहे. हे भाग एकमेकांशी जोडी जुळवलेले असल्यामुळे एकटा बदलता येत नाही, हे त्यांचे म्हणणे समजते; पण मुळात त्यांतला एखादा तरी खराब आहे का, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

किल्लीच्या मुठीतल्या चिपला बॅटरी नसते. इग्निशन लॉकभोवतीची कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनी तिला ऊर्जा देते आणि तिचा कोड वाचते. तो पटला, तरच इमोबिलायझर ईसीएमला परवानगी कळवतो, आणि ती न मिळाल्यास ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो. पहिल्या टप्प्यात घोटाळा असता तर पी०५१३, म्हणजे किल्ली चुकीची असल्याचा बिघाड-कोड, किंवा कंपनीचा स्वतःचा तत्सम कोड दिसायला हवा होता. माझ्या ईसीएममध्ये मात्र यू०१६७ हा एकच कोड पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याचा अर्थ इमोबिलायझरशी संपर्क तुटला, एवढाच आहे. (स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनपलीकडे बघतच नाहीत, म्हणून बॉडी युनिटही (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारा संगणक) वाचणारा स्कॅनर मित्राकडून आणला.) बिघाड चालू असताना हा स्कॅनर ईसीएमशी नीट बोलतो, पण डॅशबोर्डखालचे बॉडी युनिट, ज्याच्यातच या गाडीचा इमोबिलायझर आहे, काहीच उत्तर देत नाही.

बॅटरी उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट दाखवते आणि स्टार्टर फिरतानाही १० व्होल्टच्या खाली जात नाही, त्यामुळे तो संशय मी बाजूला ठेवला. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, थोडा वेळ थांबून, ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजला. या पिनांवरच्या कॅन लाइनच्या (युनिट ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी) दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकाचा रेझिस्टर) असल्यामुळे तो सुमारे ६० ओहम यायला हवा. दुपारी तो तेवढाच येतो. सकाळी बिघाड असताना मात्र १२० ओहम येतो, म्हणजे एकच टर्मिनेटर जोडलेला उरतो.

वायरिंग डायग्रामनुसार एक टर्मिनेटर ईसीएममध्ये आणि दुसरा बॉडी युनिटमध्ये आहे. बॉडी युनिटचा फ्यूज किंवा अर्थिंगची तार गेली असती, तर युनिट गप्प बसले असते, पण रेझिस्टन्स बदलला नसता. म्हणून माझा निष्कर्ष असा, की ईसीएम निर्दोष आहे आणि दोष एकतर सॉकेटपासून बॉडी युनिटपर्यंतच्या वायरीत आहे किंवा बॉडी युनिटच्या आत. हा तर्क बरोबर आहे का, आणि या दोहोंतले नेमके कोणते, हे युनिट न उघडता कसे ठरवावे?

प्रतिसाद :

आपला तर्क बरोबर आहे आणि यावर ईसीएम बदलण्याचे काहीच कारण दिसत नाही. सकाळी बिघाड असतानाच, बॅटरी काढून, बॉडी युनिटचा कनेक्टर सोडवावा आणि युनिटच्या स्वतःच्या दोन कॅन पिनांवर मीटर लावावा. तिथे स्थिर १२० ओहम आले तर युनिट सोडून द्यावे आणि सॉकेट ते कनेक्टर अशी कॅन-हाय व कॅन-लो या दोन्ही वायरींची कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का), हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत, वेगवेगळी तपासावी. वायर अखंड असूनही कनेक्टरमधली पिन सैल पडलेली असू शकते, तेव्हा तिची पकडही पाहावी. आकडा तिथेच हलत असेल, तर आतल्या सोल्डरला तडा असण्याची शक्यता मोठी. तो जोड पुन्हा सोल्डर केल्याने किल्लीची नोंद पुसली जात नाही, कारण ती मेमरी चिपमध्ये असते. जुन्या बाजारातले युनिट मात्र गाडीशी नव्याने जोडी जुळवल्याशिवाय चालणार नाही. आणखी एक : या वायरींवर बल्बचा टेस्टर कृपया लावू नये, युनिटमधले संदेश पाठवणारे-घेणारे ट्रान्सीव्हर त्यासाठी बनवलेले नसतात.

धागाकर्त्याचे उत्तर :

मनापासून आभार. युनिटच्या पिनांवर १२० ओहम स्थिर आले. कॅन-लोची वायर मात्र डाव्या बाजूला, पायाजवळच्या पॅनेलमागचा जोड हलवला की तुटते आणि पुन्हा जुळते. तो कनेक्टर उघडल्यावर एका पिनेवर हिरवट थर दिसला आणि खालचा गालिचा ओला लागला. काचेखालच्या पन्हळीत पाने साचून पाणी आत उतरत असावे. पन्हळ आज साफ करतो. पिन घासून तात्पुरते भागवण्यापेक्षा नवी बसवण्याचा विचार आहे. अशी पिन सुटी मिळते का, की वायरीच्या तुकड्यासह जुना कनेक्टरच शोधावा लागतो? आणि जोड देताना कॅनच्या दोन वायरींचा पीळ किती अंतरापर्यंत उलगडलेला चालतो?