प्रति: ड्रायव्हर टाकला तरी वायफाय दिसत नाही
ड्रायव्हर टाकूनही वायफाय दिसत नाही म्हणून वरच्या एका उत्तरात उबुंटू (तुमची लिनक्स सिस्टीम) परत टाका असं सुचवलंय, ते मला पटत नाही, त्यात तुमची रात्र फुकट जाईल. आधी टर्मिनलमध्ये मॉडप्रोबने (modprobe, ड्रायव्हर लोड करायची कमांड) ड्रायव्हर लोड करून बघा, 'की वॉज रिजेक्टेड' (Key was rejected) असं आलं तर ड्रायव्हर ठीक आहे, सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) त्याला आत घेत नाहीये. माझ्या लॅपटॉपवर हेच झालेलं. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात ना, तो रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर द्यायचा असतो आणि ती स्क्रीन जेमतेम 10 सेकंद थांबते, मी चहा आणायला उठलो तेवढ्यात निघून गेली. समोर बसून राहा, कुठलंही बटण दाबा, मग एनरोल मॉक (Enroll MOK, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची की नोंदवणं), कंटिन्यू, यस, पासवर्ड, रीबूट.

ती स्क्रीन हुकली असेल तरी मोकयूटिल (mokutil) या कमांडने ती की (key) परत इम्पोर्ट करता येते. तोवर नेटसाठी मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा.