मदत हवी आहे: जुन्या ट्रकने २४०० किमी आणि दोन फेरीबोटी, निघण्याआधी काय तपासावं?

नमस्कार. १९६०च्या दशकातला दोन ॲक्सलचा ट्रक पूर्ण उघडून नव्याने बांधला आहे. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आणि त्याला व्हॅक्यूम बूस्टर (हवेच्या ओढीने पेडलचा जोर वाढवणारा), १२ व्होल्टचा डायनॅमो. पॉवर स्टीअरिंग नाही. हँडब्रेक गिअरबॉक्समागच्या ड्रमवर, म्हणजे मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर लागतो. व्हीलबेस (दोन ॲक्सलमधलं अंतर) ४ मीटर, मागच्या ॲक्सलच्या मागे बॉडी २.२ मीटर. टायर ८.२५-२०, नायलॉन. बांधल्यापासून जेमतेम ३०० किमी चालला आहे.

वाटेत ९ किमीचा सलग उतार आहे आणि दोन फेरीबोटी, त्यातली एक रात्रभराची. रोज किती अंतर धरावं, घाट उतरताना ब्रेक टिकतील का, बोटीवर चढवताना काय सांभाळावं आणि कोणते सुटे भाग घ्यावेत?

प्रतिसाद १

३०० किमीवर निघू नका. आधी माल भरून आणखी ५००-६०० किमी चालवा. नव्या बांधणीतले दोष भाराखालीच बाहेर येतात. त्यानंतर पाट्यांचे (पट्टी-स्प्रिंगचे) यू-बोल्ट, चाकांचे नट, प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा आणि व्हॉल्व्हचं अंतर तपासा. टाकी जुनीच ठेवली असेल तर आतला गंज हादऱ्यांनी सुटून डिझेल फिल्टर बंद करतो. चढावर इंजिन दम सोडू लागलं तर डिझेल पंपाकडे बघण्याआधी फिल्टर बघा. किमान चार फिल्टर सोबत हवेत.

अंतराचं म्हणाल तर ६० च्या वेगाने चालणाऱ्या गाडीची सरासरी ४५ धरा. सहा तासांचे २७० किमी, म्हणजे नऊ दिवस. वर दोन दिवस मोकळे ठेवा, नाहीतर बोट गाठायच्या घाईत दुरुस्ती अर्धवट राहते.

प्रतिसाद २

घाटाबद्दल सविस्तर लिहितो, कारण या प्रवासातला खरा धोका तोच आहे.

ड्रम तापला की फुगतो आणि लायनिंगपासून (ड्रमला घासणाऱ्या अस्तरापासून) लांब जातो, म्हणून पेडल खोल जायला लागतं. त्याच वेळी तापलेल्या लायनिंगची पकडही कमी होते. तिसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ दाबली जाते आणि पेडल थेट फळीला टेकतं. सगळं ऑइल नवं भरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

गिअर माथ्यावरच, गाडी थांबवून निवडा. सिंक्रो (गिअरचे वेग जुळवून देणारी रचना) नसलेल्या गिअरबॉक्सला उतारावर एकदा न्यूट्रल केलं की खालचा गिअर परत सापडत नाही. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका: जोरात दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरवरही विसंबू नका. तो डिझेल तोडतो, पण चाकं इंजिनाला ढकलत असतील तर फेरे वाढतच राहतात.

बूस्टरची चाचणी अशी. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. काही गाड्यांत व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्या मागेच बसवलेला असतो. तुमच्यात तसं असेल तर एक बेल्ट तुटला की चार्जिंग आणि बूस्टर दोन्ही एकदम जातात. दोन बेल्ट जवळ ठेवा.

प्रतिसाद ३

बोटीसाठी आधी मापं घ्या. १:८ च्या (८ मीटरला १ मीटर चढ) रॅम्पवर पुढची चाकं चढलेली आणि मागची पायथ्याशी असताना शेपूट (मागच्या ॲक्सलमागची बॉडी) सुमारे २७ सेंमी खाली येतं (२.२ भागिले ८). वरच्या टोकाला पोट टेकायची भीती असते. ४ मीटर व्हीलबेसला दोन ॲक्सलच्या मधोमध १२.५ सेंमी जागा खाल्ली जाते. पाटे दबतात ते वेगळंच. शेपटाचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती आहे?

धागाकर्ता

स्टेपनी अडकवायची चौकट, म्हणजे पाळणा, सगळ्यात खाली आहे, माल भरल्यावर ४१ सेंमी. ओहोटीला रॅम्प १:६ होतो असं कळलं आहे.

प्रतिसाद ३

मग ओहोटीला चढवू नका. १:६ ला शेपूट जवळजवळ ३७ सेंमी उतरतं, ४ सेंमी उरतात आणि पाट्यांच्या एका झोल्यात तेही संपतात. स्टेपनी बॉडीत टाका, पाळणा काढून ठेवा आणि भरतीच्या आसपासची फेरी घ्या. नोंदणी करताना लांबी-उंची टपावरच्या सामानासकट सांगा. पॉवर स्टीअरिंग नाही हेही सांगून सरळ रांग मागा, उभ्या जागी चाकं वळवणं हाताला आणि स्टीअरिंग बॉक्सला दोन्हीला जड जातं.

तुमच्या हँडब्रेकची मर्यादा लक्षात ठेवा. तो शाफ्ट अडवतो, चाकं नाही. एक मागचं चाक ओल्या लोखंडावर घसरलं तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसरं चाक उलटं फिरतं आणि ट्रक सरकतो. गिअरही शाफ्टच अडवतो, म्हणून गिअरमध्ये ठेवा, पण चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावाच. साखळ्या चासीला लागू द्या; पाटे, ब्रेकच्या नळ्या किंवा स्टीअरिंगच्या दांड्यांना नाही. बांधायच्या जागा रंगाने खूण करून ठेवल्या तर बोटीवरच्या माणसाला शोधाव्या लागत नाहीत. बॅटरीचा मेन स्विच आणि डिझेलचा कॉक बंद करा. सुट्या डब्यांतलं इंधन चालतं का ते आधीच विचारा. उतरताना इशारा मिळेपर्यंत इंजिन सुरू करू नका, थंड डिझेलचा धूर बंद डेकवर कोंडतो.

प्रतिसाद ४

सुटे भाग: व्हील सिलिंडरचे रबर किट, ब्रेकची एक लवचिक नळी, पाण्याच्या पंपाचं किट, रेडिएटरचे होज, नोझलच्या नळ्यांचे तांब्याचे वॉशर, पाट्यांचा एक यू-बोल्ट, डायनॅमोचे ब्रश. डिफरन्शियल ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच घाला. गिअरबॉक्समध्ये पितळी भाग असतील तर जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल टाळा, त्यातली गंधकाची द्रव्यं पितळ खातात.

रिम तुकड्यांची असेल तर नट सोडण्याआधी टायरमधली हवा पूर्ण काढा. टायर रिमवर अडकवणारी लॉक रिंग उडाली तर जीव जातो. पंक्चर काढल्यावर हवा लोखंडी पिंजऱ्यातच भरा.

प्रतिसाद २

एक राहिलं. समुद्र ओलांडल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालची बाजू धुवा: पाट्यांच्या फटी, ब्रेकच्या नळ्यांचे जोड, अर्थची पट्टी. मग ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबत चालवून ड्रम सुकवा आणि किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात तो खिळा), शॅकलला (पाट्यांच्या टोकाच्या कडीला) ग्रीस मारा, जुनं ग्रीस आणि पाणी बाहेर येईपर्यंत.