धूर येत नाही, आणि धुराचं बटण दाबलं की इंजिन अडखळतं

प्रश्न: मॉडेल रेल्वेचं एचओ स्केलचं (१:८७ आकाराचं) वाफेचं इंजिन आहे, डीसीसीवर (रुळांतून डिजिटल आदेश देणारी पद्धत) चालवतो. स्मोक ऑइल (धुरासाठीचं तेल) भरपूर घातलंय तरी चिमणीतून धूर नाही, आणि धूर ऑन केला की गाडी झटके देते, लाइटपण मिणमिणतात. धूर करणारं युनिट गेलं का?

उत्तर १: भरपूर म्हणजे किती? काठोकाठ भरलं तर युनिटमधला तेल तापवणारा हीटर तेलात बुडतो आणि धूर होतच नाही. जास्तीचं टिशूने टिपून घे, मग चार-पाच थेंबच घाल. आणि कोरडं कधी चालवू नकोस, वात जळते.

उत्तर २: झटक्यांचं कारण वेगळं वाटतंय. हीटर करंट बराच खातो, त्यात चाकं आणि पिकअपच्या (चाकांवरून वीज घेणाऱ्या) पट्ट्या काळ्या असतील तर व्होल्टेज पडतं नि डीकोडर (इंजिनातलं आदेश वाचणारं सर्किट) रिसेट होत राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाकं पूस, रूळपण. मग युनिटच्या दोन्ही वायरी सोडवून मल्टिमीटरने ओहम बघ, ओपन (म्हणजे जोडणी तुटलेली) दाखवलं तर हीटर तुटलाय, बदलावाच लागेल.

उत्तर ३: डीकोडरच्या फंक्शन आउटपुटची (दिवे, धूर वगैरे चालवणारी जोडणी) करंट लिमिटपण बघा, नुसत्या दिव्यांसाठी असलेल्या आउटपुटवर हीटर लावला तर ते उडतं.

प्रश्नकर्ता: तेल टिपलं, धूर आला! झटके आहेत अजून, चाकं बघतो.