मदत हवी आहे: ११ वर्षं जुनी डिझेल स्टेशन वॅगन घ्यावी का? घेतली तर आधी काय करावं?

मागची_सीट

कुटुंबाला रोजच्या वापरासाठी ११ वर्षं जुनी स्टेशन वॅगन बघितली आहे. २ लिटर टर्बो डिझेल, ६ गिअर मॅन्युअल, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली, रनिंग १ लाख ८२ हजार किमी. रोज ९ किमी जाणं आणि ९ किमी येणं, सगळा सिग्नलचा रस्ता. महिन्यातून एकदा पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन ३०० किमीचा हायवे.

पाहणीत दिसलं ते असं: मागचा वायपर बंद, नंबर प्लेटचा दिवा मनात आलं तर लागतो, डिकीत कुबट वास, गाडी मागून किंचित बसलेली, मागचे दोन्ही टायर आतल्या कडेने जास्त झिजलेले. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) बदललाय असं विकणारा सांगतो, पण पावती नाही. इंजिनाचा आवाज चांगला वाटला.

घ्यावी का? घेतली तर १८ इंची अलॉय, पत्र्याला आवाज दाबणारं डॅम्पिंग आणि एलईडी हेडलाइट करायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

डिपस्टिक

अलॉयचं राहू द्या. तुमच्या वापरात पहिला प्रश्न डीपीएफचा आहे. साठलेली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते आणि फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवते. त्यासाठी तापलेलं इंजिन १५-२० मिनिटं सलग धावावं लागतं. ९ किमीच्या सिग्नलवाल्या रस्त्यात इंजिन जेमतेम तापतं तोवर तुम्ही पोचलेले असता. अशा अर्धवट राहिलेल्या खेपांमध्ये न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइल कमी आहे का हे जसं बघतात, तसं ते जास्त तर नाही ना हेही बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ते ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंगं त्याच्याच भरवशावर फिरतायत.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावाच. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असताना डीपीएफचा डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक) शून्याजवळ दिसायला हवा. तसा नसेल तर आधी सेन्सर आणि त्याच्या रबरी नळ्या तपासा. मग शेवटच्या रिजनरेशनपासूनचं, म्हणजे काजळी जाळण्याच्या खेपेपासूनचं, अंतर बघा, दर शे-दीडशे किमीला होत असेल तर फिल्टर भरत आलाय. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) अपुरे दिसले तर एक तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. कोरी कोड-यादी बघून हुरळून जाऊ नका.

गाडी थंड असतानाच सुरू करून बघा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी जा.

टायमिंग बेल्टची पावती नाही म्हणजे तो बदललेला नाही, असं धरूनच भाव करा. बेल्ट किमीवर मरतो तसा वयावरही मरतो, आणि या इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. नुसता पट्टा घालू नका. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळण देणारी आयडलर पुली आणि वॉटर पंप एकाच खेपेत बदला, आणि जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते नवेच घ्या.

तेलकट_हात

वरच्या प्रतिसादात एक दुरुस्ती. नुसत्या अंतरावरून फिल्टर भरलाय असं ठरवू नका. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असेल किंवा एखादा इंजेक्टर गळत असेल तरी काजळी जास्त होते आणि रिजनरेशन वरचेवर होतं. आधी कारण शोधा, मग फिल्टरकडे वळा. नाहीतर नवा फिल्टरही त्याच वाटेने जाईल.

आता डिकीबद्दल. वॅगन मागच्या अर्ध्यातून म्हातारी होते, आणि तुमच्या यादीतल्या पाचपैकी तीन तक्रारी डिकीच्या दाराशी येऊन थांबतात.

दिवा आणि वायपर: दाराच्या बिजागरीजवळ एक रबरी नळी दिसेल, बॉडीतून दारात जाणारी. सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि प्रत्येक उघडझापीला वाकतात. दहा वर्षांत आतल्या तांब्याच्या तारा तुटतात, वरून मात्र आवरण धड दिसतं. नळीचं एक टोक सोडवून मागे सरकवा आणि एकेक वायर हलकेच ओढा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. दुरुस्ती करताना त्याच जाडीची, बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची वायर घ्या आणि नळीच्या दोन्ही बाजूंना निदान १० सेमी आत जाईल एवढी लांब ठेवा. जोड वाकणाऱ्या भागात नको, आणि सगळे एकाच रांगेतही नकोत, मागेपुढे करा. वाकणाऱ्या जागी सोल्डर केलेली वायर कडक होते आणि त्या कडेलाच पुन्हा तुटते. क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), हेच टिकतं.

वायपरला वीज पोचत असूनही तो हलत नसेल तर वॉशरची नळी बघा. बऱ्याच गाड्यांत मागच्या काचेचं पाणी वायपर मोटरच्या दांड्यातूनच जातं. आतला जोड निसटला किंवा सील गेलं की पाणी मोटरमध्ये शिरतं आणि दांडा गंजून जाम होतो. उरलेलं पाणी दाराच्या पोकळीतून खाली, थेट डिकीत. कुबट वासाचा पहिला संशयित हाच.

दुसरे संशयित म्हणजे टेललाइटची गॅस्केट, तिसऱ्या ब्रेकलाइटचं सील, रूफ रेलचे बोल्ट आणि मागच्या बंपरआड बसवलेल्या हवा बाहेर टाकणाऱ्या झडपा. शेवटच्या ठिकाणी कोणी बघत नाही, कारण बंपर काढावा लागतो.

शोधायची रीत: स्टेपनी, गालिचा, बाजूची ट्रिम काढून सगळं कोरडं करा. कडांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसेल, दार बंद. बाहेरच्याने पाइपने हळू धारेचं पाणी खालून वर न्यायचं, प्रत्येक उंचीला पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि कुठून आलं ते कळत नाही. जोरदार प्रेशर वॉशर वापरलात तर चांगली सीलंही गळतील.

हे झाल्याशिवाय डॅम्पिंग लावू नका. ओल्या पत्र्यावर डॅम्पिंगची ब्यूटिल (चिकट रबरी) शीट म्हणजे गंजाला पांघरूण.

तेराचा_पाना

मागून बसल्याचं मोजून सांगा, डोळ्यांनी नको. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेपने मोजा. डाव्या-उजव्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तुटलाय का बघा. स्प्रिंग ज्या वाटीत बसते तिथे तो लपतो, हात फिरवला तरच कळतो.

काही वॅगनना मागे आपोआप उंची सावरणारे शॉक अॅब्सॉर्बर असतात. त्यांच्या जोडीच्या स्प्रिंगा मुळातच मऊ असतात. तिथे साधे शॉक घालायचे तर स्प्रिंगाही साध्या वॅगनच्या घ्याव्या लागतात, नाहीतर सामान भरल्यावर गाडी टेकते.

बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातली रबरं) बदलताना एक गोष्ट गॅरेजमध्ये उभं राहून बघा: रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि वर्षभरात फाटतं. दोष मग पार्टला दिला जातो.

आतली कड झिजते ती मागच्या अलाइनमेंटमुळे. तिथले अॅडजस्टिंग बोल्ट गंजून जाम झालेले असतात, त्यामुळे पुष्कळ जण फक्त पुढची चाकं करून देतात. चारही चाकांच्या आकड्यांचा कागद मागा.

मागची_सीट

मोजलं. मागे डावीकडे १४ मिमी कमी, स्प्रिंगचा खालचा वेढा खरंच तुटलाय. बिजागरीच्या नळीत तीन वायरी तुटलेल्या. स्टेपनीच्या खड्ड्यात दोन बोटं पाणी. ऑइल वरच्या खुणेच्या थोडं वर आहे. डिफरन्शियल प्रेशर इंजिन बंद असताना शून्य. पेट्रोलमधली अशी गाडी मिळत नाहीये. टायर २०५/५५ आर १६ ९१, कडेला कोड २३१६. गाडीच्या प्लेटवर मागच्या अॅक्सलची मर्यादा १२६० किलो लिहिलीय.

डिपस्टिक

बेल्ट किट, मागच्या दोन्ही स्प्रिंगा आणि चार टायर एवढं भावातून वजा होत असेल तरच घ्या. घेतल्या दिवशी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला; डीपीएफसाठीचं कमी राखेचं ऑइल, मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. मग आठवड्यातून एकदा अर्धा तास २००० आरपीएमच्या वर एका लयीत चालवा. तीनशे किमीनंतर पातळी पुन्हा बघा. पुन्हा चढली तर रिजनरेशन अर्धवट राहतंय किंवा इंजेक्टर गळतोय. डीपीएफमध्ये साठलेली ऑइलची राख मात्र कशानेच जळत नाही. प्रेशर तरीही जास्त राहिला तर फिल्टर काढून धुऊन घ्यावा लागेल.

ब्रेक ऑइलही बदला, डॉट ४, दर दोन वर्षांनी. नवं किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेल्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. भरलेली वॅगन उतारावर असताना हा फरक कळतो.

तेराचा_पाना

टायरकडे नीट बघा. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. आणि ९१ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ६१५ किलो, दोघांना मिळून १२३०. तुमची अॅक्सल मर्यादा १२६० आहे. म्हणजे कोणीतरी कमी क्षमतेचे टायर घातलेत. त्याच मापात ९४ एक्सएल (जादा भार पेलणारे) घ्या, ६७० किलोचे. भरलेल्या गाडीसाठी मागे किती हवा ठेवायची ते डिझेलच्या झाकणाआड किंवा दाराच्या खांबावर वेगळं लिहिलेलं असतं. रिकाम्या गाडीचा आकडा पाच माणसांना चालत नाही.

१८ इंची घेतलेत तर टायरची भिंत बारीक होईल आणि खड्ड्यात रिम वाकेल. घ्यायचेच असतील तर लोड इंडेक्स ९४ च्या खाली नको, आणि अलॉयच्या मागे कोरलेली वजनमर्यादाही १२६० च्या निम्म्यापेक्षा जास्त आहे ना बघून घ्या.

तेलकट_हात

एलईडीचं राहिलं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवला की झोत विस्कटतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि रस्ता मात्र अंधारातच राहतो. तुमच्या काचा पिवळ्या पडल्या असतील. ८००, १५००, ३००० असा पॉलिश पेपर ओला करून घासा, पॉलिश करा आणि वर यूव्ही क्लिअर कोट मारा. कोट नाही मारला तर काही महिन्यांत परत पिवळं. आत चांगल्या प्रतीचे ५५ वॅटचेच बल्ब ठेवा. दिव्यांच्या झोताची उंची स्प्रिंगा बदलल्यानंतर लावा, आधी नाही.